मास्तरांचा धबधबा, पाणी वगळून

भेस्तानमध्ये आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आम्हाला गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, घरात मटण शिजवता का हेही विचारलं नाही. ते दारातल्या खाटेवर बसले होते. माझ्या नवऱ्याकडे बघून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "गिरा धोध पाहिलाय?"

वघईजवळचा तो धबधबा सुरतेत सगळ्यांना माहीत असतो. नवरा लग्नाआधी मित्रांबरोबर जाऊन आला होता. तो म्हणाला, "हो, पाहिलाय की."

"पाणी होतं?"

"भरपूर. श्रावणात गेलो होतो."

"मग नाही पाहिलात," असं म्हणून ते माझ्याकडे वळले. "तुम्ही?"

मी वाशीमकडची. लग्न होऊन सुरतेत आले त्याला महिनाही झाला नव्हता. मी कुठलाच धबधबा पाहिलेला नाही, असं सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी आत हाक मारून बायकोला किल्ली आणायला सांगितली. इच्छापोरच्या कंपनीत आपण सुपरवायझर आहोत म्हणून खोली लगेच मिळाली, असं नवरा बरेच दिवस सगळ्यांना सांगत असे. खोली माझ्या अज्ञानावर मिळाली होती.

सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा काही संबंध नव्हता. सुरतेत लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, यंत्रं चालती ठेवणाऱ्या आणि कारागिरांवर नजर ठेवणाऱ्या माणसाला मास्तर म्हणतात. खानदेशातून ते मिसरूड फुटायच्या वयात आले, उभं आयुष्य लूमच्या खडखडाटात काढलं आणि त्यात कान गेले. ऐकू अगदीच येत नव्हतं असं नाही, पण समोरचा कारखान्यात बोलावं तसं बोलला तरच येई. स्वतःही ते तसंच बोलत. बायकोशी अहिराणीत, भाजीवाल्याशी गुजरातीत, मागच्या गल्लीतल्या कारागिरांशी हिंदीत. पण धबधब्याविषयी बोलायचं झालं की ते शुद्ध मराठीत जात, आणि त्या वेळी त्यांचा आवाज आणखी चढे. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, खाली भांडण चाललंय. जिन्यातून वाकून पाहिलं तर ते दूधवाल्याला लाव्हा समजावून सांगत होते.

"साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा आला. एकावर एक थर बसले. एक कडक, एक मऊ. मग नदी आली. त्यानंतर विशेष काही घडलं नाही."

दूधवाल्यानं विचारलं, "पछी?"

"मग मी भेस्तानला आलो."

हा त्यांचा इतिहास. डांगची संस्थानं, सागवानासाठी टाकलेली छोट्या रुळांची रेल्वे, हे सगळं त्यांना ठाऊक होतं, पण ते त्यांच्या हिशेबी कालपरवाचं होतं आणि त्यावर ते वेळ घालवत नसत. त्यांचा सगळा जीव एका गोष्टीत होता. लोक म्हणतात धबधबा पडतो. मास्तरांचं म्हणणं, पडतं ते पाणी, धबधबा चालतो. आणि तो मागे चालतो. उडणारं पाणी खालचा मऊ थर पोखरतं, वरचा कडक थर हवेत लटकत राहतो, एक दिवस तुटून पडतो, आणि कडा तेवढा मागे जातो. असं करत करत सगळे धबधबे आपापल्या नदीच्या उगमाकडे निघालेले आहेत. हे सांगताना ते असे काही बघत, जणू तो धबधबा त्यांच्या नात्यातला आहे आणि घर सोडून निघून चाललाय.

तळमजल्यावरच्या भाडेकरूच्या मुलीचा वाढदिवस होता. घरमालक म्हणून केकचा पहिला तुकडा मास्तरांच्या हातून कापायचं ठरलं. त्यांनी सुरी बाजूला ठेवली आणि चमचा मागितला. मग ते गुडघ्यावर बसले आणि वरच्या चॉकलेटच्या कवचाला धक्का न लावता खालचा मऊ केक चमच्यानं कोरून काढू लागले. "बघा, आता पाणी आत चाललंय," ते म्हणत होते. आम्ही सगळे टाळ्या वाजवायच्या तयारीत हात उचलून उभे. शेवटी कवच मोडलं, त्यावरची मेणबत्ती आडवी झाली आणि मुलीचं अर्धं नाव ताटात पडलं. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "इतका मागे गेला." मुलगी आधी रडली. पुढच्या वर्षी मात्र तिनं हट्ट धरला की केक मास्तरबाबांनीच पाडायचा.

त्यांचं घर तीन मजली होतं आणि त्याचा जिना भेस्तानमध्ये प्रसिद्ध होता. त्याच्या कुठल्याही दोन पायऱ्या एका उंचीच्या नव्हत्या. गवंड्यानं सरळ बांधलेला जिना मास्तरांनी तोडायला लावला होता, कारण लाव्हाचे थर कधी सारखे नसतात. नवा माणूस तिसऱ्या पायरीवर हमखास अडखळे. मग खाटेवरून आवाज येई, "तो मऊ थर आहे." गॅसच्या टाकीवाल्यानं एकदा गुडघा फोडून घेतल्यापासून तो खालूनच ओरडे आणि टाकी आम्हाला न्यावी लागे. पहिल्या पावसाळ्यात आमचं छत गळायला लागलं, तेव्हा मी तक्रार घेऊन गेले. ते टॉर्च घेऊन लगबगीनं वर आले आणि स्टुलावर चढून बराच वेळ त्या ओल्या डागाकडे बघत राहिले. मला वाटलं, दुरुस्तीचा विचार चाललाय. खाली उतरून ते कौतुकानं म्हणाले, "बरोबर जागा शोधली पाण्यानं." छत मावशींनी दुरुस्त करून घेतलं.

मावशी म्हणजे त्यांची बायको. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या अहिराणीत 'माले' आणि आमच्या वऱ्हाडीत 'मले', एवढ्यावर आमचं जमून गेलं होतं. मास्तरांना हा नाद कुठून लागला, ते मला त्यांनीच सांगितलं.

खात्याच्या शेठनं एका वर्षी पावसाळा सरता सरता सगळ्यांना बसमध्ये घालून गिरा धोध दाखवायला नेलं. मास्तर तेव्हा चाळिशीत होते. धबधबा भरून वाहत होता. त्या आवाजात ते एका खडकावर टेकले आणि त्यांना झोप लागली. त्यात नवल काही नव्हतं. आयुष्यभर लूमच्या आवाजात राहिलेल्या माणसाला शांततेत झोप येत नाही. सुट्टीच्या दिवशी ते घरी तळमळत आणि मावशींना दुपारी मिक्सर चालू ठेवायला सांगत. तर ते तिथे असे झोपले की बस भरली, मोजणी चुकली आणि बस निघून गेली. जाग आली तेव्हा दुसराच एक घोळका आला होता. कुठल्याशा कॉलेजातली भूगर्भशास्त्राची मुलं होती. मास्तर त्यांच्यात जाऊन उभे राहिले. प्राध्यापकांना वाटलं, हा बसचा ड्रायव्हर. ड्रायव्हरला वाटलं, हे दुसरे प्राध्यापक. त्यामुळे दोघांनीही त्यांना जेवायला घातलं. सहल डांगभर फिरली, मास्तर तिच्याबरोबर फिरले, आणि इकडे मावशी उधना स्टेशनपासून सिव्हिल हॉस्पिटलपर्यंत त्यांना शोधत होत्या. ते परत आले ते खिशात काळ्या दगडाचे तुकडे आणि तोंडात साडेसहा कोटी वर्षं घेऊन.

"तवपासून हाई चालू शे," मावशी म्हणाल्या.

त्या प्राध्यापकांनी जाता जाता म्हटलं होतं की खडक नीट बघायचा तर उन्हाळ्यात या, पाण्याखाली काही दिसत नाही. मास्तरांनी ते वाक्य मनावर घेतलं. दर मे महिन्यात ते सगळ्या भाडेकरूंना जीपमध्ये बसवून कोरडा धबधबा दाखवायला नेत. ही सहल चुकवायची सोय नव्हती. भाडं थकलेलं ते विसरत, पण सहलीला न आलेल्या माणसाशी दिवाळीपर्यंत बोलत नसत.

मीही गेले. अंबिकेच्या पात्रात नुसते दगड, मध्ये हिरव्या पाण्याचं एक डबकं आणि कडेला चार शेळ्या. बांबूच्या वस्तूंची आणि नागलीच्या पापडांची दुकानं बंद. वरून ऊन असं की खडकावर पापड भाजून निघाला असता. मास्तर मात्र घरच्या लग्नात वावरावं तसे हिंडत होते. हा लाल थर बघा, दोन लाव्हांच्या मधली माती भाजून झालेला. हा कडा, परवापेक्षा मागे आलेला. हे रांजणखळगे, गोटे गरगर फिरून झालेले. त्यातल्या एका खळग्यात त्यांनी माझ्या नवऱ्याला उतरवलं आणि गोट्यासारखं फिरायला लावलं. तो फिरला. नवीन भाडेकरूला पर्याय नसतो.

तेवढ्यात सापुताऱ्याला निघालेली अहमदाबादची एक बस थांबली. माणसं कॅमेरे, टॉवेल, बदलायचे कपडे घेऊन उतरली आणि आमच्याजवळ येऊन विचारू लागली, की धोध कुठे आहे.

"हा काय," मास्तर कड्याकडे हात करून म्हणाले.

"पण पाणी नथी."

"म्हणून तर दिसतोय."

एक गृहस्थ चिडले. इतक्या लांबून आलो, मुलांना काय दाखवायचं, असं काहीतरी बोलले. मास्तरांनी त्यांना हाताला धरून सावलीत बसवलं आणि सुरुवात केली. ती मंडळी किती वेळ बसली कोण जाणे, पण त्यांचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून शेवटी स्वतः खाली उतरून ऐकायला बसला. जाताना त्या चिडलेल्या गृहस्थांनी मास्तरांना नमस्कार केला आणि विचारलं, की पाणी कधी येतं. मास्तरांचा चेहरा पडला.

मावशी या सगळ्या सहलींना येत. भाकरी, ठेचा, कांदा बांधून आणत आणि झाडाखाली बसून राहत. त्यांनी गिरा धोध इतक्या वेळा पाहिला होता आणि त्यात पाण्याचा थेंब पडताना कधी पाहिला नव्हता.

आम्ही तिथे राहायला गेल्याच्या चौथ्या की पाचव्या वर्षी मावशी दाराच्या चौकटींवर आपटू लागल्या. ताटातली कडेची भाजी त्यांना दिसेना. मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की काचबिंदू आहे. यात नजर कडेकडून मिटत येते. गेली ती परत येत नाही; थेंब नेमानं घातले तर उरलेली टिकवता येईल, तीही किती दिवस ते सांगता येत नाही. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. रिक्षात बसल्यावर त्यांनी हाताची मूठ नळीसारखी करून डोळ्याला लावली आणि मला म्हणाल्या की आता एवढंच दिसतं, जेवढं या भोकातून दिसेल तेवढं.

घरी गेल्यावर मास्तरांना मी ओरडून ओरडून सगळं समजावलं. मग त्यांनी बायकोला विचारलं, तुला काय हवंय का.

मावशी म्हणाल्या, "माले पानी देखनं शे."

त्यांना आधी वाटलं, ती प्यायला पाणी मागतेय. ते उठून तांब्या घेऊन आले. मावशींनी तांब्या खाली ठेवला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं की गिरा धोधचं पाणी बघायचंय, पडताना.

पुढचे आठ-दहा दिवस घरात जे चाललं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण मावशी काही बोलतच नव्हत्या. मास्तर एकटेच बोलत. पाणी काय, नळालाही असतं. पाणी आलं की सगळी माणसं पाण्याकडेच बघतात, थरांकडे कोण बघतं. शेवटचं बघायचंच तर नीट काहीतरी बघ. मावशी थेंब घालायला डोकं मागे करून बसत आणि छताकडे बघत राहत. शेवटी मास्तर एक दिवस वर आले आणि मला म्हणाले, "पोरी, जीप सांग. पण माझं एक आहे, तिथं मला झोपू द्यायचं नाही."

मला वाटलं, गंमत करताहेत. ते खरोखर घाबरले होते. इतक्या वर्षांत ते पाणी असताना तिथे गेले नाहीत ते थरांच्या प्रेमापोटी की या भीतीनं, हे मला आजही सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही असावं.

भाद्रपदातल्या एका दिवशी आम्ही चौघं निघालो. वघई जवळ आली तशी मास्तरांनी खिशातून कापूस काढून कानात कोंबला आणि वर मफलर गुंडाळला. वाहनतळावरच आवाज ऐकू येत होता. रविवार होता, माणसं मावत नव्हती. बांबूची दुकानं, भाजलेली कणसं, सेल्फी काढणारी पोरं, दोरीच्या मागे शिट्ट्या मारणारे रखवालदार. समोर कडा म्हणून काही उरलाच नव्हता. सगळं तांबडंलाल पाणी आणि धूर. मी मावशींना एका खडकावर बसवलं. मास्तर पाठ धबधब्याकडे करून उभे राहिले.

थोडा वेळ ते चांगले उभे होते. पण शेजारी एका बाईनं आपल्या नणंदेला सांगितलं की हे पाणी वरच्या धरणातून सोडतात. मास्तरांना ते तिच्या ओठांवरून कळलं. त्यांना राहवेना. त्यांनी मफलर सोडला, कापूस काढला आणि वळून हात उंच केला. "साडेसहा कोटी वर्षांपूर्वी," ते म्हणाले. पुढचं वाक्य आलं नाही. हात हळूहळू खाली आला, मान छातीवर टेकली आणि ते गुडघ्यांतून मोडत माझ्या नवऱ्याच्या अंगावर कलंडले.

एकच गोंधळ उडाला. अॅटॅक आला, अॅटॅक आला, असा ओरडा झाला. कुणी कांदा हुंगवला, कुणी पायातले बूट काढले. एक जण फोनवर व्हिडिओ लावून त्यात बघून छाती दाबायच्या तयारीला लागला. मी सांगत होते की ते झोपलेत, पण धबधब्याच्या आवाजात माझं कोण ऐकतंय, आणि ऐकूनही कुणी विश्वास ठेवला नसता. एकशे आठला फोन गेला. गाडी आली. तिच्यातल्या माणसानं नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि गोंधळून सांगितलं की सगळं ठीक दिसतंय, पण हे जागे का होत नाहीत? मास्तर त्याच्या मांडीवर घोरत होते. जमलेली माणसं ऐकेनात. न्या, न्या, म्हणू लागली. त्या माणसानं विचारलं, पेशंटबरोबर बायको कोण आहे, तिनं चलावं.

मी मावशींकडे धावले. त्या तशाच बसल्या होत्या. मूठ नळीसारखी केलेली, एका डोळ्याला लावलेली. मी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि काय झालं ते सांगितलं.

मावशींनी मूठ खाली घेतली नाही. "निजेल शेतस त्या," त्या म्हणाल्या. "त्यास्ले लई जा. माले देखू द्या."

झोपलेत ते, घेऊन जा त्यांना, मला बघू द्या. मी तसंच जाऊन सांगितलं. लोकांनी मावशींकडे जसं बघितलं ते मी विसरणार नाही. एक आजी तर बोटं मोडत निघून गेली. माझा नवरा गाडीत चढला आणि गाडी गेली.

मी मावशींशेजारी बसले. त्या धबधबा असा बघत होत्या, जसं आपण लांबलचक साडीचा काठ बोटानं चाचपत बघतो. एकदम सगळा त्यांना दिसत नव्हताच. मुठीतल्या भोकात मावेल तेवढा तुकडा त्या बघायच्या, तो मनाजोगता बघून झाला की मूठ जराशी सरकवायच्या. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. पोरं येऊन फोटो काढून गेली, दुसरी आली, तीही गेली. कणीसवाला आमच्याजवळ दोनदा फिरकला. मधेच त्यांनी मला विचारलं, "घाई शे का माय?" मी म्हटलं, नाही. खरं तर मला नवऱ्याच्या फोनची काळजी होती, पण माझ्या फोनला तिथे रेंजच नव्हती.

नवऱ्यानं नंतर सांगितलं ते असं. गाडीनं वळण घेतलं, झाडं आडवी आली, धबधब्याचा आवाज कमी झाला आणि मास्तर ताडकन उठून बसले. आजूबाजूला बघून त्यांनी विचारलं, "पेशंट कोण आहे?" तुम्हीच, असं कळल्यावर ते खूप रागावले. तरी वघईच्या दवाखान्यात नेऊन तपासावंच लागलं. त्यांचं ब्लडप्रेशर माझ्या नवऱ्यापेक्षा चांगलं निघालं. डॉक्टर म्हणाले, बाबांना चांगली विश्रांती मिळालेली दिसते.

संध्याकाळी आम्ही जीप घेऊन त्यांना दवाखान्याच्या फाटकातून उचललं. ते अनवाणी होते. बूट तिकडेच कुणीतरी काढून ठेवले ते राहिले. चेहरा लहान मुलासारखा ताजा दिसत होता आणि नजर मात्र वर होत नव्हती. मावशींच्या शेजारी ते अंग चोरून बसले. वांसदा मागे पडलं.

मग त्यांनी हळू आवाजात विचारलं. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "कसा होता?"

मावशींनी त्यांचं डोकं हातानं आपल्याकडे ओढलं, कानाशी तोंड नेलं आणि सांगायला लागल्या. पदर सावरला नाही की थांबल्या नाहीत. त्यांनी पडणाऱ्या पाण्यापासून सुरुवात केलीच नाही. कड्याच्या पार मागे, जिथे दोन झाडांच्या मधून नदी पहिल्यांदा दिसते तिथून केली. तिथे पाणी सपाट होतं, चहाच्या रंगाचं, आणि पुढे कडा आहे याची त्याला काही कल्पना नव्हती. त्यातून एक ओली फांदी येत होती, पानांसकट. ती एका दगडाला अडली, वळली, सुटली, पुन्हा अडली. मास्तर एकेका गोष्टीला मान हलवत होते. मधे थर आला का, असं त्यांनी एकदा विचारून बघितलं. मावशी म्हणाल्या, थर नाही, फांदी सांगतेय. मग त्यांनी पुन्हा विचारलं नाही. नुसतं "मग?" म्हणत राहिले.

चिखली गेली, नवसारी गेली. ड्रायव्हरनं गाणी लावायला हात पुढे केला तो माझ्या नवऱ्यानं धरला. सचिन गावातल्या कारखान्यांचे दिवे मागे पडले, भेस्तानचा फाटा आला, तरी मावशींची ती फांदी अजून कड्याच्या टोकाशीच होती. पाणी खाली पडायचं बाकी होतं.